पत्ता अपूर्ण, पाठवणाऱ्यास परत

गुरुवार, ४ जानेवारी २०२४

शकीलाने ही वही आणून दिली आणि तिच्याबरोबर कामही. तिची तीन माणसांची कंपनी कॉम्प्युटरवरचा एक खेळ तयार करते आहे. दोन वर्षं चाललंय. या महिन्याच्या एकतीस तारखेला तो बंगळुरूच्या एका मोठ्या कंपनीकडे जायचाय. त्यांना पसंत पडला तर बाजारात येईल, नाही पडला तर ऑफिसला कुलूप. म्हणून आधी खेळून बघायला माणसं हवी आहेत, साठीच्या पुढचं एक तरी.

"तरुण मुलं मिळतात अब्बा, पण ती सगळ्यालाच छान म्हणतात," शकीला म्हणाली.

मी म्हटलं, मी छान म्हणणार नाही.

"म्हणून तर तुम्हाला विचारलं."

तर मी, कादर इब्राहीम तांबोळी, वय चौसष्ट, निवृत्त पोस्टमन, बीट (म्हणजे वाटपाची हद्द) नंबर सात, नारायण पेठ, आजपासून खेळ खेळून त्यावर प्रामाणिक मत देणार. हात बसावा म्हणून आधी दुसऱ्यांचे खेळ, मग तिचा. पस्तीस वर्षं टपाल वाटलं. माझ्या हातून एकाचं पत्र दुसऱ्याच्या दारात पडलं नाही, कुणाचं पाकीट उजेडाकडे धरून बघितलं नाही. घरात आम्ही आमच्या बोलीत बोलतो, पण लिहायला बसलो की हात मराठीतच चालतो. पस्तीस वर्षं पत्ते वाचले ते मराठीत, त्याला कोण काय करणार.

नसीमबानू (आमचं कुटुंब) म्हणाली, "गुडघे गेले म्हणून चालणं बंद झालं. आता बोटांनी गाव हिंडा."

सोमवार, ८ जानेवारी

खेळ पहिला. परदेशातलं शहर. मोटारी पळवायच्या, लोकांना मारायचं, पोलीस मागे लागले की पळायचं. मी मोटारीतून उतरलो आणि चालत निघालो. तीन दिवसांत साठ-सत्तर गल्ल्या पायाखाली घातल्या. एकाही घराला नंबर नाही. दारं रंगवलेली आहेत, उघडत नाहीत. रस्त्यावर हजार माणसं हिंडतात, त्यातलं एकही घरी जात नाही.

मत: शहर मोठं आहे, पण तिथे कुणी राहत नाही. रस्ते मात्र झाडलेले असतात, ही गोष्ट पुण्याने घेण्यासारखी.

गुरुवार, ११ जानेवारी

खेळ दुसरा. खेड्यात शेत घ्यायचं, मुळे लावायचे, कोंबड्या पाळायच्या. हा आवडला. नसीमबानूही येऊन बसते आणि पाणी कधी घालायचं ते सांगते. मंडईत जशी भाजी निवडते, तशी पडद्यावरची निवडते. एक गोष्ट मात्र खटकली. घराबाहेर पत्रांची पेटी आहे, रोज सकाळी तिच्यात पत्र असतं, आणि ते आणणारा माणूस कुठेच दिसत नाही. मी दोन दिवस पहाटेपासून पेटीपाशी उभा राहून बघितलं. पत्र आपोआप उगवतं.

मत: खेळ उत्तम. पोस्टमनचा अपमान आहे.

शनिवार, १३ जानेवारी

खेळ तिसरा. ओसाड बंगला. त्यातली बाई कशी मेली ते शोधायचं. खण उघडायचे, तिची पत्रं वाचायची, त्यातून पुढची किल्ली कुठे ते कळतं. मी वाचली नाहीत. दुसऱ्याच्या नावाची पत्रं आहेत. दोन तास दिवाणखान्यात नुसता बसून राहिलो. भूत एकदा येऊन गेलं. त्यालाही माझा कंटाळा आला असावा.

शकीला आधी पोट धरून हसली. मग एकदम थांबून म्हणाली, "समजा अब्बा, पत्र उघडल्याशिवाय गोष्ट पुढेच जात नसेल तर?"

"तर गोष्ट न गेलेली बरी."

"घरच्यांचं पत्र असलं तरी?"

"टपालात असेपर्यंत ते घरच्यांचं नसतं," मी म्हटलं.

तिने मान हलवली आणि आत गेली. तिला माहीत नाही मी हे कशाच्या जोरावर बोलतो ते. इथे लिहून ठेवायला हरकत नाही.

सन २००६. शकीलाला अठरा पूर्ण झाली होती. बाहेरगावच्या एका कलाशाळेत तिने अर्ज केला होता. एका मंगळवारी सकाळी ऑफिसात सॉर्टिंग करताना माझ्या हातात लिफाफा आला. शिक्का त्या शाळेचा, नाव शकीलाचं, पत्ता आमचाच. आम्ही तेव्हा कसबा पेठेत राहायचो आणि ते बीट बजरंगचं. बजरंग गावच्या जत्रेसाठी शुक्रवारपर्यंत रजेवर, बदली माणूस नाही. मी लिफाफा त्याच्या खणात ठेवला. दुसऱ्याच्या बीटातलं टपाल उचलायचं नाही आणि वाटपाआधी कुणाला काही सांगायचं नाही, हे मला नोकरीच्या पहिल्या दिवशी शिकवलेलं. संध्याकाळी शकीलाने रोजच्यासारखं दारातच विचारलं, "अब्बा, माझं काही आलं का?" मी म्हटलं, "आलं की मिळेल." असं चार दिवस.

शनिवारी बजरंगने पत्र दिलं. मुलाखत शुक्रवारी होऊन गेली होती. ती दोन दिवस जेवली नाही. पुढे कॉमर्स केलं, लग्नपत्रिका छापणाऱ्याकडे कामाला लागली, कॉम्प्युटरवर चित्रं काढायला आपली आपण शिकली. म्हणजे अडलं काहीच नाही. मी ते पाकीट मंगळवारीच बघितलं होतं हे तिला आजही माहीत नाही, नसीमबानूलाही नाही. पोटच्या पोरीसाठीसुद्धा नियम वाकवला नाही. असं सांगणारे पोस्टमन पुण्यात किती निघतील? मला याचा अभिमान आहे आणि तो लपवत नाही.

बुधवार, १७ जानेवारी

आज शकीलाचा खेळ सुरू केला. नाव 'बीट नंबर सात'. मला आधी सांगितलं नव्हतं. नाव वाचून खुर्चीतच सरळ बसलो.

आपण पोस्टमन. सायकल, पिशवी, जुन्या पुण्याच्या गल्ल्या. रोज टपाल वाटायचं. प्रत्येक पत्रावर दोन बटणं: 'टाका' आणि 'उघडा'. उघडलं की आत काय आहे ते वाचता येतं म्हणे. मी उघडायचं बटण असून नसल्यासारखंच धरलं. पत्ता सापडला नाही तर पिशवीत एक शिक्का आहे: 'पत्ता अपूर्ण, पाठवणाऱ्यास परत'.

काय गल्ल्या काढल्या आहेत पोरीने! आमच्या पेठेत ३९२ नंतर ४१७ येतो आणि ३९३ विचाराल तर बोळ ओलांडून गिरणीच्या मागे. नवा पोस्टमन इथे रडतो. शकीलाने ते जसंच्या तसं घेतलंय. ओट्यावरचे म्हातारे, जिन्यावरून दोरीला बांधून खाली सोडलेली टोपली, कुत्रं कुठल्या वाड्यात चावतं तेसुद्धा. हे तिला कुणी सांगितलं असेल? ग्रंथालयात नकाशे मिळतात म्हणतात.

चुका लिहून दिल्या. एक, पत्ता विचारला की ओट्यावरचा माणूस लगेच सांगतो. खोटं आहे. तो आधी "कोण हवंय?" विचारतो, मग "कशाला?" विचारतो, आणि मग सांगतो की ते इथे राहत नाहीत. दोन, सायकलच्या दांडीवर एक लहानशी गादी बांधलेली आहे. पोस्टमनच्या सायकलला गादी कशाला? काढून टाकावी.

पहिली चूक तिने रात्रीच्या जेवणाआधीच दुरुस्त केली. दुसरीवर म्हणाली, "गादी राहू द्या."

रविवार, २१ जानेवारी

खेळ संपवला! एकही पत्र न उघडता. शकीलाच्या ऑफिसातला श्रीधर म्हणतो, असं करणारा मी पहिलाच. एकशे अठ्ठ्याऐंशी पत्रं, सगळी योग्य दारात. अपवाद शेवटचं. पिशवीच्या तळाशी निळं पाकीट निघालं. वर लिहिलेलं: 'पोस्टमनसाहेब, बीट नंबर सात'. बस. नाव नाही, घर नंबर नाही, मागे पाठवणाऱ्याचा पत्ता नाही. 'पोस्टमनसाहेब' हे काय नाव झालं? सातव्या बीटावर माझ्याआधी तिघे होते, माझ्यानंतर दोघे. यांतला कोण? सगळी पेठ परत एकदा पालथी घातली, मग शिक्का मारून परत पाठवलं. पोस्टमन ऑफिसात येऊन बाकावर बसला आणि बसूनच राहिला. अर्धा तास वाट बघितली.

मत लिहून दिलं. 'खेळ मला अतिशय आवडला. मात्र याला शेवट नाही. तसेच शेवटच्या पत्राचा पत्ता सदोष असून तो लिहिणाऱ्यास टपालाची माहिती नसावी.' कडक लिहिलंय, पण ठरलं होतं तसं लिहिलंय.

सोमवार, २२ जानेवारी

शकीलाने सकाळी माझं मत उभ्याउभ्याच वाचलं.

"परत पाठवलंत?"

"हो. शिक्का मारून."

"ते उघडायचं होतं, अब्बा. तेच शेवट आहे. बाकी सगळी पत्रं नाही उघडली तरी चालतं. ते एक फक्त."

"कुणाचं होतं?"

"पोस्टमनचं."

"पोस्टमनला नाव नाही का?"

 तिने डबा उचलला आणि गेली. माझ्या दुपारच्या पोळीभाजीचा डबा होता तो. तिचा स्वयंपाकाच्या ओट्यावरच राहिला. इतकं काय लागलं तिला? चूक दाखवायलाच तर मला बसवलंय. नसीमबानू म्हणाली, "तुमच्या पोरीने पत्र लिहिलं आणि तुम्ही शिक्का मारलात." मी म्हटलं, ते पत्र खेळातलं आहे. ती भांडी जरा जोरातच घासायला लागली.

बुधवार, २४ जानेवारी

श्रीधरचा फोन. "काका, तेवढं शेवटचं उघडा ना. दुसऱ्या एका आजींनीपण नाही उघडलं. लोक असं करायला लागले तर बंगळुरूवाले शेवट न बघताच खेळ परत करतील."

मी रिक्षा केली आणि त्यांच्या ऑफिसात गेलो. आमच्या कोथरूडमध्येच आहे, एका क्लासच्या वर, खाली दुचाक्यांची ही गर्दी. श्रीधरचं म्हणणं, पत्र आपोआप उघडू द्यावं, म्हणजे प्रश्नच मिटला. शकीला ताडकन म्हणाली, "नाही. पत्र ज्याचं त्यानेच उघडायचं. नाही उघडलं तर राहू दे."

माझी छाती फुगली. मी म्हटलं, "बघ श्रीधर, हिला कळतं."

मग शकीला माझ्याकडे वळली. "अब्बा, पोस्टमनला पत्र येतं तेव्हा कसं येतं?"

"सगळ्यांना येतं तसं. त्याच्या पूर्ण नावाने, त्याच्या घरच्या पत्त्यावर. बीटावर येत नाही. आणि तो स्वतः नाही आणत, दुसरा पोस्टमन आणतो."

श्रीधर ते लिहून घ्यायला लागला. कंपनीतली तिसरी उल्का, ती खेळातले आवाज करते. तीच आधी म्हणाली, "अरे, हे भारी आहे." मला भारी वगैरे वाटलं नाही, नियम आहे तो सांगितला. पण जिन्यापर्यंत तिघे सोडायला आले.

शनिवार, २७ जानेवारी

शकीलाचा खेळ दुरुस्त होऊन पुन्हा आला. आता सुरुवातीलाच आपलं पूर्ण नाव आणि पत्ता लिहायचा. मी सगळं लिहिलं, पिनकोडसकट. यावेळी ओट्यावरच्या म्हाताऱ्याने मला तीनदा परतवलं. शाबास.

शेवटची फेरी झाली, पोस्टमन घरी गेला, चपला काढल्या. दार वाजलं. दुसरा पोस्टमन. निळं पाकीट. 'श्री. कादर इब्राहीम तांबोळी', खाली घर नंबर, सोसायटी, कोथरूड, पुणे ४११०३८. सगळं बरोबर. माझंच होतं. उघडलं.

आतलं इथे उतरवतो. माझ्या नावाचं आहे, म्हणून उतरवता येतं.

'अब्बा, माझं पत्र शनिवारी आलं. मुलाखत शुक्रवारी झाली होती. पाच-सहा वर्षांनी बजरंगकाकांनी सांगितलं, की त्या आठवड्यात त्यांच्या खणात टपाल तुम्हीच लावत होतात. म्हणजे तुम्ही ते मंगळवारी बघितलं होतं. त्या चारही संध्याकाळी मी तुम्हाला विचारलं. तुम्ही नियम पाळलात. मला त्याचा राग आला आणि अजून येतो. आणि शाळा अर्धी सुटायची त्या दिवशी तुम्ही मला दांडीवर बसवून सगळी पेठ दाखवायचात, तशी पेठ मला कुठल्याच शाळेने शिकवली नसती. दोन्ही खरं आहे. तोंडाने सांगता येत नाही, म्हणून तुमच्या हातात टपाल दिलंय. उत्तर द्यायलाच हवं असं नाही.'

खाली कोरा कागद होता, उत्तरासाठी. मी कॉम्प्युटर बंद केला. मला रडू आलं. प्रामाणिक लिहायचं ठरलंय म्हणून लिहितो, बराच वेळ आलं.

नसीमबानूला विचारलं, दांडीवर गादी होती का? "मीच शिवली होती, जुन्या दुलईची," ती म्हणाली. "पाच वर्षं बसली पोरगी तिच्यावर. विसरलात?" विसरलो होतो. घर नंबर सगळे पाठ आहेत, आणि हे विसरलो.

रविवार, २८ जानेवारी

बजरंगला फोन केला. तो आता गावी शेती बघतो. म्हटलं, शकीलाला ते तू सांगितलंस?

"इचारलं तिनं, म्हून सांगितलं. का रं?"

"काही नाही."

"मला तवाच नवल वाटलं व्हतं, कादर. परत आलो तर पाकीट खनात तसंच पडल्यालं. म्हटलं, यानं बघितलंच नसंल. घरचं पत्र हाय म्हटल्यावर कुनीबी नेलं असतं. सायबबी काय बोलला नसता. लई तर सही घेतली असती."

फोन ठेवल्यावर दुपारभर गॅलरीत बसलो. सतरा वर्षं मी ही गोष्ट छातीवर बिल्ल्यासारखी लावून हिंडतो आहे. खिशात घालून नेलं असतं तर काय झालं असतं? नोकरी गेली नसती. आणि न्यायचं नव्हतं तर तोंडाने सांगता तरी आलं असतं, ऑफिसात जाऊन घेऊन ये म्हणून. चार संध्याकाळी ती दारात उभी होती. चुकलो मी. टपालात नाही चुकलो, घरात चुकलो.

शकीलाने विचारलं, "खेळून झालं?" मी म्हटलं, "झालं. मत लिहितोय." तिने मला आवडतो तसा चहा ठेवला, आलं जास्त घालून.

बुधवार, ३१ जानेवारी

खेळ आज गेला. माझं मत बरोबर जोडलंय, श्रीधरला एक शब्दही कापू दिला नाही. ते असं:

'मी पस्तीस वर्षे पोस्टमन होतो. हा खेळ माझ्या मुलीने केला आहे. हे मुद्दाम लिहितो, कारण लपवण्यासारखे काही नाही. या महिन्यात चार खेळ खेळलो, त्यांत घरांमध्ये माणसे राहतात असा हा एकच. गल्ल्या अचूक आहेत, मीही इतक्या अचूक सांगू शकलो नसतो. गादी काढावी अशी सूचना मी केली होती, ती मागे घेतो. शेवट जसा आहे तसाच ठेवावा. कुणी पत्र न उघडल्यास त्याला घाई करू नये, माझ्यासारख्याला वेळ लागतो. शकीला तांबोळी यांनी जे काम केले आहे, ते मला शिकवता आले नसते. ते त्यांचे आहे.'

उल्काने फोनवर सांगितलं की ते वाचून शकीला उठून जिन्यात गेली आणि दहा मिनिटांनी परत आली. बंगळुरूवाले काय म्हणतील ते म्हणोत. मी अख्ख्या सोसायटीला सांगून आलो, वॉचमनपासून सेक्रेटरीपर्यंत. सेक्रेटरी म्हणाले, "गेम्स? या वयात?" मी म्हटलं, "तुम्हाला जमणार नाही, पत्ता विचारावा लागतो."

उत्तर खेळातल्या कोऱ्या कागदावर लिहिलं नाही. ते कुठे जातं, कुठून जातं, कोण पोचवतं, काही कळत नाही. सकाळी काठी घेऊन पोस्टात गेलो, एक आंतरदेशीय पत्र घेतलं, तिथल्याच बाकावर बसून लिहिलं. दोन्ही बाजू भरल्या, दुमडायच्या पट्टीवरही लिहिलं. नाव, घर नंबर, सोसायटी, पिनकोड. पाठवणाऱ्याचा पत्ताही तोच. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "काका, एकाच घरातून एकाच घरात?" मी म्हटलं, "हो. नीट पोचवा." आत काय लिहिलं ते या वहीत लिहीत नाही. ते आता शकीलाचं आहे.

संध्याकाळी ती आली. दमलेली होती, चेहरा मात्र उजळ. "गेला, अब्बा," एवढंच म्हणाली आणि चपला काढायला वाकली. मी दारातच उभा होतो. वाटपाला अजून दोन दिवस होते, आणि मी पस्तीस वर्षांत कुणालाही आधी सांगितलं नव्हतं.

"शकीला," मी म्हटलं, "तुझ्या नावाचं एक पत्र टपालात आहे. मी बघितलंय."